एका सुराचं अंतर

२००८चा ऑगस्ट. बीजिंगमध्ये ऑलिंपिकची धामधूम होती. शहराच्या डोंगचेंग भागात सूचनाफलकांवर एक पोस्टर लागलं होतं. परदेशी पाहुण्यांशी गप्पा मारताना कोणत्या आठ गोष्टी विचारायच्या नाहीत, याची ती यादी होती. कमाई आणि खर्च विचारू नका. वय विचारू नका. प्रेम आणि लग्न विचारू नका. तब्येत, घरचा पत्ता, आजवरचं आयुष्य, धर्म आणि राजकीय मतं, नोकरीधंदा, यातलं काहीही विचारू नका.

हे वाचून मराठी माणसाला पहिली शंका येईल ती अशी, की मग बोलायचं काय? ट्रेनमध्ये समोर बसलेल्या काकूंना हे आठ विषय बंद केले, तर पुण्याहून सोलापूर येईपर्यंत त्या करणार काय?

गंमत बाजूला ठेवून ते पोस्टर पुन्हा वाचलं, तर एक गोष्ट खटकते. हे आठ प्रश्न परदेशी माणसाला विचारायचे नव्हते. शेजाऱ्याला पगार विचारू नका, सहकाऱ्याला लग्नाचं विचारू नका, असं त्यात काही नव्हतं. म्हणजे ‘प्रायव्हसी’ ही परदेशी लोकांची एक सवय आहे, कुणाला तिखट चालत नाही तशी, आणि पाहुणा आला की आपण ती सांभाळायची, असा त्याचा सूर होता.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. कोडमध्ये एखाद्या गोष्टीपुढे ‘प्रायव्हेट’ लिहिलं, की बाहेरच्या कोडला तिला हात लावता येत नाही. त्यात लाजिरवाणं काही नसतं. ती गोष्ट आतली आहे, एवढंच. चिनी भाषेत मात्र ‘प्रायव्हसी’साठी आज जो शब्द आहे, त्याचा जुना जुळा भाऊ सरळ सरळ ‘लाजिरवाणं गुपित’ असा अर्थ सांगायचा. त्या शब्दाचा प्रवास हा या लेखाचा विषय आहे.

इंग्रजीचा तास

सांस्कृतिक क्रांतीत बंद पडलेली विद्यापीठांची प्रवेश परीक्षा चीनमध्ये १९७७ साली पुन्हा सुरू झाली. पुढच्याच वर्षी आर्थिक सुधारणांना सुरुवात झाली आणि इंग्रजी शिकण्याची लाट आली. जानेवारी १९८२मध्ये चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीवर बीबीसीची ‘फॉलो मी’ ही मालिका लागली. कॅथी फ्लॉवर ही तिची निवेदिका घराघरांत पोचली. टीव्ही अजून दुर्मीळ होते, त्यामुळे एका टीव्हीसमोर बरीच माणसं दाटीवाटीने बसायची.

इंग्रजीचं कुठलंही पहिलं पुस्तक घ्या, आपलं किंवा त्यांचं. तुझं नाव काय? तुझं वय किती? तू कुठे राहतोस? तुझे वडील काय करतात? पहिल्या दहा धड्यांत डोंगचेंगच्या यादीतले निम्मे प्रश्न येऊन जातात. वर्गात ते व्याकरण असतं. रस्त्यावर परदेशी पर्यटक दिसला आणि विद्यार्थ्याने हिंमत करून तेच प्रश्न त्याला विचारले, की समोरचा अवघडतो. व्याकरण तर बरोबर होतं. मग चुकलं काय?

चुकलं ते असं, की दोन भाषांमध्ये आपुलकीची हद्द वेगळ्या ठिकाणी आखलेली होती. चिनी भाषेत ओळखीचा माणूस दिसला की ‘जेवलात का?’ विचारतात, ‘कुठे निघालात?’ विचारतात. उत्तर अपेक्षित नसतं. ‘हे काय, इथंच’ एवढं पुरतं. हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. इंग्रजी माणसाला मात्र पहिला प्रश्न जेवणाचं आमंत्रण वाटतो आणि दुसरा चौकशी. पगार, वय, लग्न विचारण्यामागे चिनी भाषेत ‘ग्वानशिन’ हा शब्द आहे. त्याचा अक्षरशः अर्थ मन जोडणं, आणि व्यवहारातला अर्थ काळजी करणं. विचारलं नाही तर उलट वाटतं, की याला आपलं काही पडलेलं नाही.

जवळिकीच्या शब्दांत तर पावलोपावली खड्डे होते. ‘क्लोज’ या एकाच स्पेलिंगचा अर्थ जवळ असाही होतो आणि बंद असाही. ‘इंटिमेट’ला शब्दकोशात ‘छिन्मी’ हा शब्द दिलेला असे. पण छिन्मी हा मित्रांनाही चालतो आणि क्रांतिकारकांनाही. १९६९च्या चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या घटनेत लिन बिआओ यांना माओंचे ‘छिन्मी’ लढाऊ सोबती म्हटलं होतं. तिथे शब्दकोश उघडून ‘इंटिमेट’ लिहिलं असतं तर काय झालं असतं, याची कल्पना करा.

सगळ्यात प्रसिद्ध खड्डा ‘आय-रन’ या शब्दाचा. याचा अक्षरशः अर्थ ‘प्रेमाचं माणूस’. कम्युनिस्ट चीनमध्ये नवरा आणि बायको दोघांसाठी हाच शब्द रूढ झाला, कारण जुन्या शब्दांतली मालक-दासीची छटा त्यात नव्हती. पण एखादे गृहस्थ परदेशी पाहुण्यांना बायकोची ओळख करून देताना याचं इंग्रजी करू लागले, की ‘माय लव्हर’ होऊन बसायचं. जपानीत तर हीच दोन अक्षरं विवाहबाह्य संबंधातल्या व्यक्तीसाठी वापरतात.

आणि ‘छिन्मी’मधलं ते ‘मी’ मला फार आवडलं. या अक्षराचा अर्थ दाट, जवळचं, आणि गुप्त. तेच अक्षर ‘गुपित’ या शब्दात आहे, आणि तेच ‘मीमा’ म्हणजे पासवर्डमध्येही आहे. जिवलग मैत्रिणीला चिनी मुली ‘ग्वेमी’ म्हणतात. त्यातही मुळात हेच ‘मी’ होतं, आता त्याजागी त्याच उच्चाराचं ‘मध’ या अर्थाचं अक्षर लिहितात. म्हणजे जवळीक आणि गुप्तता या चिनी भाषेने एकाच अक्षरात बसवलेल्या आहेत. त्यामुळे त्या भाषेला प्रायव्हसी ठाऊकच नव्हती, असं म्हणणं चूक ठरेल.

दाराबाहेरचे जोडे

जुन्या चिनी ग्रंथांत याचे पुरावे आहेत. ‘लीजी’ म्हणजे शिष्टाचारांच्या ग्रंथात पाहुण्यासाठी नियम आहेत. दुसऱ्याच्या घरात पायऱ्या चढताना आवाज द्यावा. दाराबाहेर जोड्यांचे दोन जोड दिसले, तर आतलं बोलणं बाहेर ऐकू येत असेल तरच आत जावं. ऐकू येत नसेल, तर जाऊ नये.

दुसरी गोष्ट मेन्शियसची, कन्फ्यूशियसनंतरच्या सगळ्यात मोठ्या विचारवंताची. ती इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या हान यिंग या विद्वानाच्या ग्रंथात येते. मेन्शियस खोलीत शिरला तेव्हा बायको एकटी होती आणि ऐसपैस, अशिष्ट समजलं जाई अशा तऱ्हेने बसली होती. तो भडकला आणि आईला म्हणाला, मी हिला सोडतो. आईने विचारलं, तुला कसं कळलं? तो म्हणाला, मी पाहिलं. मग आईने त्यालाच झापलं. खोलीत शिरताना तू आवाज दिला नाहीस, तिला सावरायला वेळ दिला नाहीस. शिष्टाचार तू मोडलास, तिने नाही. मेन्शियस गप्प झाला.

दोन हजार वर्षांपूर्वीच्या या गोष्टीत एकट्या बाईचा स्वतःच्या खोलीतला हक्क सासू मांडते आहे. तेव्हा भाव जुनाच होता. पण त्याला ‘हक्क’ म्हणायला शब्द नव्हता, आणि जो शब्द जवळपास होता तो बदनाम होता.

स्वतःभोवतीचं वर्तुळ

हा शब्द ‘सु’. म्हणताना ओठांचा चंबू करायचा नाही. अर्थ खासगी, स्वतःचं. त्याच्यासमोर उभा असतो ‘गोंग’ म्हणजे सार्वजनिक, सगळ्यांचं. इसवी सनापूर्वी २३३ साली वारलेल्या हान फेई या राजनीतिज्ञाने या दोन अक्षरांचा उगम सांगितला आहे. अक्षरांचा पौराणिक जनक त्सांगजिए याने स्वतःभोवती काढलेल्या वर्तुळाला ‘सु’ म्हटलं, आणि त्याकडे पाठ फिरवणं म्हणजे ‘गोंग’. पुढे इसवी सन १००च्या सुमारास शू शेन यांनी आपल्या प्रसिद्ध अक्षरकोशात हीच व्युत्पत्ती घेतली. ती भाषाशास्त्राला पटो न पटो, शिकवण मात्र पक्की झाली. स्वतःभोवती वर्तुळ काढणारा माणूस संशयास्पद.

मग या अक्षराची संगत पाहा. चिनी भाषेत ‘सु’ लागून झालेले शब्द म्हणजे स्वार्थी, तस्करी, चोरटं मीठ, पळून जाऊन केलेलं लग्न, अनौरस मूल. ‘गोंग’ लागून झालेले शब्द म्हणजे न्याय्य, निःपक्ष, नागरिक.

‘यिन’ म्हणजे सावली, अंधार, यिन-यांगमधलं यिन. त्याला ‘सु’ जोडलं की होतं ‘यिन्सु’, अंधारातलं खासगी. कुणाचं तरी लफडं, बाहेर येऊ नये असं काहीतरी. हा शब्द जुना, आणि कायद्यातही तोच आला. १९५६च्या निर्णयात आणि १९७९च्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात, ज्या खटल्यांत कुणाची ‘यिन्सु’ आहे ते बंद दाराआड चालतील, असं लिहिलं होतं.

चिनी भाषेत सूर बदलला की शब्द बदलतो. ‘यिन’ उंच आणि सपाट सुरात म्हटलं तर अंधार. खाली जाऊन वर येणाऱ्या सुरात म्हटलं तर वेगळं अक्षर, अर्थ ‘झाकलेलं’. त्यालाही ‘सु’ जोडता येतो. तो दुसरा ‘यिन्सु’ म्हणजे आजची प्रायव्हसी. झाकलेलं म्हणजे वाईटच असेल असं नाही. पहिल्या सुरापासून दुसऱ्या सुरापर्यंत जायला कायद्याला आणि समाजाला अनेक दशकं लागली.

समूह आणि मी

या वाटेवरचं एक मोठं पाऊल एका भाषांतरकाराने टाकलं. यान फू १८७७ ते १८७९ या काळात इंग्लंडमध्ये ग्रीनिचच्या शाही नौदल महाविद्यालयात शिकत होते. पुढे त्यांनी जॉन स्टुअर्ट मिलचं १८५९चं ‘ऑन लिबर्टी’ चिनीत आणलं. हस्तलिखित १९००च्या बॉक्सर बंडाच्या गोंधळात हरवलं. एका परदेशी माणसाला ते सापडलं, त्याने परत पाठवलं, आणि १९०३मध्ये पुस्तक निघालं.

अडचण शीर्षकाची होती. ‘लिबर्टी’साठी जो शब्द उपलब्ध होता, त्याला ‘मनाला येईल ते करणं’, ‘उच्छृंखलपणा’ असा वास होता. यान फूंनी आतल्या मजकुरात त्या शब्दातलं एक अक्षरच बदलून लिहिलं, आणि पुस्तकाला नाव दिलं ‘समूह आणि स्वतः यांच्या हक्कांची सीमा’. मला हे नाव मूळ इंग्रजीपेक्षा नेमकं वाटतं. त्यात स्वातंत्र्याची घोषणा नाही, बांध कुठे घालायचा याचा विचार आहे. शेतीच्या देशातल्या वाचकाला बांध लगेच कळतो.

हा बांध चिनी समाजात पातळ का होता, याचं उत्तर फेई श्याओथोंग या समाजशास्त्रज्ञाने १९४०च्या दशकात दिलं. लंडनमध्ये मालिनोव्स्कीच्या हाताखाली शिकलेल्या फेईंनी लिहिलं, की चिनी माणसाची नाती पाण्यात दगड टाकल्यावर उठणाऱ्या वर्तुळांसारखी असतात. मधोमध आपण, मग घर, मग भावकी, मग गाव. प्रत्येक वर्तुळ बाहेरच्याला खासगी आणि आतल्याला सार्वजनिक. त्यामुळे घर बाहेरच्यांपासून उंच भिंतीने झाकलेलं, पण घरातल्या घरात मुलाची पेटी, सुनेचं पत्र हे सगळ्यांचं. घरची लाज बाहेर सांगू नये, अशी चिनी म्हणही आहे. लाज झाकायची ती घराची. एकट्या माणसाची वेगळी अशी झाकण्याजोगी जागा त्यात येत नाही.

आतल्या वर्तुळातल्या माणसाला चिनीत म्हणतात ‘त्झजी-रन’. शब्दशः ‘आपला माणूस’. मराठीत जसाच्या तसा शब्द आहे, इंग्रजीत नाही. मामा, काका, आत्या, मावशी हे भेद चिनीतही आहेत आणि इंग्रजी ते सगळे ‘अंकल-आंटी’त उरकते. उत्तरेकडच्या चिनीत ‘वो-मन’ म्हणजे आम्ही आणि ‘त्झा-मन’ म्हणजे आपण, ऐकणाऱ्याला धरून. इंग्रजीच्या ‘वी’मध्ये समोरचा आहे की नाही, ते शब्दावरून कळत नाही. परक्या भाषेत जवळीक दाखवताना चिनी विद्यार्थ्याची होणारी कुचंबणा मराठी मुलाला चांगली ठाऊक असते.

‘सु’विरुद्धची लढाई

१९४९नंतर वर्तुळं मोडली आणि त्यांच्या जागी ‘दान्वेई’ आलं. कारखाना, शाळा, कचेरी, जिथे तुम्ही नोकरीला ते तुमचं दान्वेई. घर तेच देणार, दवाखाना तिथलाच, रेशनची कुपनं तिथूनच. प्रत्येकाची एक फाइल असायची. तिच्यात काय लिहिलंय हे स्वतः त्या माणसाला पाहता येत नसे. लग्न करायचं तर दान्वेईचं पत्र लागायचं. ही अट थेट ऑक्टोबर २००३मध्ये गेली, म्हणजे ऑलिंपिकच्या पोस्टरआधी फक्त पाच वर्षं.

१९६७ साली, सांस्कृतिक क्रांतीच्या भरात, घोषणा झाली की ‘सु’शी लढा. मनात क्षणभर जरी ‘सु’ हे अक्षर चमकलं, तरी त्याच्याशी निकराने झुंजा, असं सांगितलं जाई. लोकांनी सभांमध्ये उभं राहून मनातले खासगी विचार कबूल करायचे होते. घरातली पत्रं, डायऱ्या तपासल्या जात, आणि त्यांतली वाक्यं पुरावा म्हणून वाचली जात. अनेक कुटुंबांनी स्वतःचे फोटो आणि कागद स्वतःच्या हाताने जाळले.

इथे फरक स्पष्ट दिसतो. शेजारच्या मावशींनी पगार विचारणं आणि सभेने डायरी वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मावशींना खोटं सांगता येतं. ‘हे काय, इथंच’ म्हणून सटकता येतं. सभेपुढे ती सोय नसते. जवळिकीच्या प्रश्नाला टाळण्याची वाट असते म्हणून तो जवळिकीचा राहतो. ती वाट बंद झाली की त्याच प्रश्नाची चौकशी होते.

कायद्याचा सूर बदलतो

त्या अनुभवानंतर १९८६च्या नागरी कायद्याच्या सर्वसाधारण तत्त्वांमध्ये नागरिकांच्या प्रतिष्ठेला संरक्षण मिळालं. प्रायव्हसीचा उल्लेख नव्हता. १९८८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टीकरण दिलं, की कुणाची ‘यिन्सु’ चारचौघांत पसरवणं म्हणजे त्याच्या प्रतिष्ठेला धक्का. शब्द आता नव्या सुराचा होता, पण विचार अजून जुनाच. बदनामी झाली तरच नुकसान. तुमची एखादी साधी, निर्दोष गोष्ट कुणी चव्हाट्यावर आणली, तर बोलायला जागा नाही.

१९९६मध्ये फौजदारी प्रक्रिया कायद्यातही अंधाराचा ‘यिन’ जाऊन झाकलेला ‘यिन’ आला. २००९मध्ये मंजूर झालेल्या कायद्यात प्रायव्हसीचा हक्क प्रतिष्ठेपासून वेगळा, स्वतःच्या नावाने नोंदवला गेला. आणि १ जानेवारी २०२१पासून लागू झालेल्या नागरी संहितेच्या कलम १०३२ने व्याख्या केली. तिचा आशय असा, की माणसाच्या खासगी आयुष्यातली शांतता, आणि इतरांना कळू नये असं त्याला वाटतं ती जागा, ती कृती, ती माहिती, म्हणजे प्रायव्हसी. व्याख्येची सुरुवात ‘शांतता’ने होते. लाज कुठेच नाही.

हा हक्क कागदावर राहिला नाही. हांगझोऊच्या एका सफारी पार्कने वार्षिक पासधारकांना बोटाच्या ठशाऐवजी चेहरा स्कॅन करायला सांगितलं. एका पासधारकाने २०१९मध्ये खटला भरला आणि न्यायालयाने त्याच्या चेहऱ्याची माहिती पुसायला लावली. नोव्हेंबर २०२१पासून व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदाही लागू झाला.

पण त्याच देशात डिसेंबर २०१९पासून नवं सिमकार्ड घेताना चेहरा स्कॅन करावा लागतो. पार्कला नाही म्हणता आलं. सिमकार्डाला नाही म्हणायचं, तर फोनशिवाय राहायचं. शेजारी आणि कंपनी यांच्याविरुद्ध हा शब्द आता चांगला उभा राहतो. सरकारपुढे तो कितपत उभा राहील, हा प्रश्न यान फूंनी १९०३मध्ये शीर्षकात लिहिला होता आणि तो अजून तिथेच आहे.

आपण हे वाचताना फार निवांत बसावं असं नाही. २४ ऑगस्ट २०१७ला भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी प्रायव्हसी हा मूलभूत हक्क ठरवला. मराठीत त्याच्यासाठी ‘गोपनीयतेचा हक्क’ही लिहितात आणि ‘खासगीपणाचा’ही. गोपनीय म्हणजे लपवायचं, यिन्सुच्या जवळचं. ‘खासगी’चा इतिहास वेगळा आहे. मराठा संस्थानांत राजघराण्याच्या स्वतःच्या उत्पन्नाला, दौलतीच्या खजिन्याहून वेगळ्या तिजोरीला खासगी म्हणत. इंदूरच्या होळकरांची खासगी प्रसिद्ध आहे. म्हणजे जे राजाचं स्वतःचं, ज्याचा हिशेब इतरांनी मागायचा नाही, ते खासगी. आज तो शब्द तुमच्या-माझ्या फोनमधल्या मेसेजला लागतो. मला दुसरा शब्द जास्त आवडतो. त्यात लपवण्याची सफाई द्यावी लागत नाही.

‘लपवण्यासारखं काही नसेल तर भीती कशाला?’ हे वाक्य आपण घरात ऐकतो, ऑफिसात ऐकतो, चौकातल्या कॅमेऱ्याबद्दलच्या चर्चेत ऐकतो. हे पहिल्या सुरातल्या यिन्सुचं वाक्य आहे. मेन्शियसच्या बायकोकडेही लपवण्यासारखं काही नव्हतं. ती फक्त आपल्या खोलीत, आपल्या मनासारखी बसली होती. सासूने तिला काय करत होतीस असं विचारलं नाही. मुलाला विचारलं, तू आवाज का दिला नाहीस?